झेंडा काढायला निविदा लागत नाही

नाशिक, नोव्हेंबर 2025

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा प्रश्न अर्धवट राहिला. फोनवर मी जरा सविस्तर सांगायला लागले की तू ‘हो आई, हो आई’ सुरू करतेस, म्हणून लिहायलाच बसले. तुमच्या इंग्लंडातल्या केंटमध्ये मे महिन्यात कौंटी कौन्सिलची, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी, निवडणूक झाली आणि परदेशातून येणारी माणसं कमी करा म्हणणाऱ्या रिफॉर्म पक्षानं 81 पैकी 57 जागा घेतल्या. वर्षानुवर्षं सत्तेत बसलेला हुजूर पक्ष 62 वरून 5 वर आला. आता तू विचारतेस, हे लोक कौंटी चालवतील का आणि आपलं काय होणार. केंटमधलं मला काय कळणार? पण तापलेला नवा पक्ष पहिल्यांदा पालिकेत आला की काय होतं, ते मी नगरसचिव विभागात महासभेचं इतिवृत्त लिहिता लिहिता अगदी जवळून पाहिलंय. तू तेव्हा बारावीत होतीस, तुला त्यातलं फारसं आठवायचं नाही.

फेब्रुवारी 2012 मध्ये मनसेला नाशिकमध्ये 122 पैकी 40 जागा मिळाल्या. पक्ष जेमतेम सहा वर्षांचा. त्याआधी 2009 ला नाशिक पूर्व, मध्य आणि पश्चिम, तिन्हीकडे त्यांचेच आमदार निवडून आले होते. बहुमताला 62 लागत होते. भाजपची साथ मिळाली आणि यतिन वाघ महापौर झाले. त्या दिवशी राजीव गांधी भवनात पाय ठेवायला जागा नव्हती. कधी पालिकेची पायरी न चढलेली पोरं गळ्यात उपरणी घालून प्रत्येक मजल्यावर फिरत होती. मला तो उत्साह खोटा वाटला नाही, आजही वाटत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना खरंच काहीतरी करून दाखवायचं होतं.

पण त्यांना मतं कशावर मिळाली होती ते बघ. मराठी पोरांना नोकऱ्या, परप्रांतीयांचे लोंढे, रेल्वेची भरती. 2008 च्या फेब्रुवारीत राज ठाकरेंच्या अटकेनंतर नाशिकात दगडफेक झाली आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले उत्तर भारतीय कामगार बोचकी घेऊन नाशिकरोड स्टेशनवर जमले. तुझे बाबा तेव्हा अंबडला होते, कामाला माणूस मिळेना म्हणून त्यांचे मालक हैराण झालेले. आता सांग, रेल्वेची भरती महापालिकेच्या कोणत्या खात्यात येते? बांधकाम? पाणीपुरवठा? मलेरिया? ज्या रागावर माणसं निवडून येतात, त्या रागाची फाइलच त्या इमारतीत नसते. तिथे फाइल असते ती गटारीची, पथदिव्याची, घंटागाडीच्या ठेक्याची. हेच मला तुला सांगायचंय, बाकी सगळं याच्याच पोटात येतं.

गटारीचंच घे. सिडकोकडचा एक नवा नगरसेवक, पहिल्यांदाच निवडून आलेला, दोन महिन्यांनी आमच्या टेबलापाशी येऊन बसला. त्याच्या प्रभागात पावसाळी गटार करायची होती, फार मोठी नाही, एका गल्लीची. तो म्हणाला, ‘मॅडम, महापौर आमचे आहेत, सही कोण अडवतंय?’ मी त्याला कागदावर लिहून दाखवलं. आधी उपअभियंत्याचं प्राकलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, मग तांत्रिक मंजुरी, मग लेखा विभागाचा ‘तरतूद आहे’ असा शेरा, मग प्रशासकीय मान्यता, स्थायी समिती, निविदा, दोनच ठेकेदार आले तर फेरनिविदा, मग कार्यादेश. आणि या सगळ्यात महापौरांची सही कुठेच नाही! 1949 च्या महापालिका कायद्यानं कारभार आयुक्ताच्या हाती दिलाय, आणि आयुक्त पाठवतं राज्य सरकार. महापौर सभा चालवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात, ‘रामायण’ बंगल्यावर राहतात. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, ‘मग आम्ही निवडून कशाला आलो?’ मी म्हटलं, स्थायी समितीत जा, तिथे सोळा जणांच्या हातात पैसा असतो. तर त्यांच्या पक्षात स्थायीवर कुणी जायचं यावरूनच रुसवेफुगवे चाललेले.

राज्य सरकार तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं, पालकमंत्री छगन भुजबळ. मुंबईत बसलेल्यांना मनसेची नाशिक चमकवण्याची घाई कशाला असेल? मधे काही काळ पूर्णवेळ आयुक्तच नव्हते. राज ठाकरे जाहीरपणे तक्रार करत की आम्हाला माणूसच देत नाहीत. तक्रार खरी होती. पण लोकांना ती कितींदा ऐकवणार? ज्याच्या घरासमोर खड्डा आहे त्याला आयुक्ताच्या बदलीशी काय घेणं!

मग पैसा. पालिकेचा मोठा आधार म्हणजे जकात. मे 2013 मध्ये राज्यानं जकात काढून एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणली. व्यापारी चिडले, वसुली डळमळली. ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींखालच्या उलाढालीला एलबीटीही माफ झाली आणि पालिका सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. त्यात जुन्या मंजूर कामांचं दायित्व. आमच्याकडे त्याला सरळ ‘स्पिलओव्हर’ म्हणायचे, आणि अर्थसंकल्पाच्या सभेत तो आकडा वाचला की सभागृहात शांतता पसरायची. म्हणजे आधीच्यांनी करून ठेवलेली देणी फेडायची, वर नवं काही दाखवायचं. शिवाय 2015 चा कुंभमेळा अंगावर. रस्ते, घाट झाले, रिंगरोड झाले. पण ते श्रेय राज्यानंही घेतलं, प्रवीण गेडामांसारख्या आयुक्तांनाही मिळालं. महापालिकेत सत्ता कुणाची होती हे भाविकाला कशाला माहीत असेल?

मग त्यांनी एक वाट काढली, आणि ती मला हुशारीची वाटली. तिजोरीत नाही ना, मग उद्योगपतींकडे जायचं. गोदापार्कला रिलायन्स, पांडवलेणीच्या पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात टाटा ट्रस्ट, उड्डाणपुलाखाली सुशोभीकरण, शस्त्रसंग्रहालय. त्याच वनोद्यानातल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये लेझर शोत झाडं बोलायला लागली तेव्हा आपण सगळे बघायला गेलो होतो, तू पुण्याहून सुट्टीवर आलेलीस. राज ठाकरे कलावंत माणूस, त्यांची नजर तिथे दिसायची. पण ही कामं शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत उभी राहिली, आणि सगळी डोळ्यांची. सातपूर कॉलनीत संध्याकाळी नळाला पाणी नाही आलं तर ती बाई लेझर शो बघून समाधान मानत नाही.

माणसांचं तर विचारूच नकोस. 2014 च्या विधानसभेत पक्ष राज्यभरात एका जागेवर आला, नाशिकच्या तिन्ही गेल्या. त्याच्या आधी महिनाभर महापौरपदाची दुसरी फेरी झाली होती. भाजप तोवर बाजूला झालेला, तर काँग्रेस-राष्ट्रवादीची मदत घेऊन अशोक मुर्तडकांना निवडून आणलं. ज्यांना शिव्या देऊन आलात त्यांच्याच टेकूवर! विधानसभेनंतर नाशिक मध्यचे माजी आमदार वसंत गीते पक्ष सोडून गेले, आणि मग गळतीच लागली. मुदत संपेपर्यंत निम्म्याहून अधिक नगरसेवक इकडेतिकडे पांगलेले. सभागृहात कोण कुणाच्या बाकावर बसलंय हे हजेरीपटावर लिहिताना आम्हालाच विचारावं लागायचं. पक्षाचे निर्णय मुंबईत राज ठाकरेंच्या घरी, ‘कृष्णकुंज’वर. साहेब नाशिकला येणार म्हटलं की दोन दिवस सगळे जागच्या जागी, ते गेले की पुन्हा आपापले गट. ज्या पक्षाचं सगळं बळ एका माणसाच्या भाषणात असतं, त्याची अडचण ही की तो माणूस प्रभाग समितीच्या बैठकीला येऊ शकत नाही.

फेब्रुवारी 2017 ला निकाल लागला तेव्हा मनसे 40 वरून 5 वर. भाजप 66. त्या खेपेला प्रभाग चार-चार जणांचे केले होते, लहान पक्षाला त्यात जड जातंच, हेही खरं. देवेंद्र फडणवीसांनी प्रचारात नाशिक दत्तक घेतो म्हणून सांगितलं होतं. त्या दत्तकविधानावर वेगळं पत्र लिहावं लागेल, ते आज नको. मार्च 2022 पासून तर नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे. निवडणुका आता होतील म्हणतात. जुलैत राज आणि उद्धव एका मंचावर आल्यापासून आपल्या कोपऱ्यावरच्या फलकांवर दोघांचे फोटो एकत्र दिसायला लागलेत.

पण नवा पक्ष पालिकेत बुडतोच असं समजू नकोस. शिवसेना 1966 ची, आणि 1967 मध्ये ठाणे नगरपालिका तिच्याकडे होती. मुंबई 1985 ला मिळाली आणि 1992 नंतरची काही वर्षं सोडली तर 2022 पर्यंत टिकली. राग तिथेही होताच, भाषणंही होतीच. फरक शाखेचा. शाळेत प्रवेश, दवाखान्यात खाट, नळाला पाणी, भांडणात मध्यस्थी, हे सगळं निवडणूक नसतानाही संध्याकाळी शाखेत चालायचं. तिथे पुढे काय काय वाईट झालं तेही मला ठाऊक आहे, मी काही सेनेची वकिली करत नाही. पण पालिका मिळायच्या आधीच ज्याला पालिकेची कामं करायची सवय आहे, त्याला ती मिळाल्यावर धक्का बसत नाही. दिल्लीत ‘आप’ला डिसेंबर 2022 मध्ये महापालिका मिळाली, 250 पैकी 134, स्वच्छ बहुमत. तरी महापौर निवडायला फेब्रुवारी उजाडला आणि स्थायी समिती वर्षानुवर्षं लटकली, कारण नामनिर्देशित सदस्यांवरून उपराज्यपालांशी भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात. 2025 ला महापौर पुन्हा भाजपचा.

आता तुझं केंट. तू पाठवलेल्या बातम्या मी वाचल्या, जावईबापूंनी काही समजावल्या. आल्या आल्या सभागृहातला युक्रेनचा झेंडा काढला म्हणे. काढतीलच. झेंडा काढायला निविदा लागत नाही, अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही, त्याच दिवशी फोटो निघतो. मग उधळपट्टी शोधायला अमेरिकेच्या धर्तीवर पथक नेमलं. आणि ऑक्टोबरात त्यांच्याच कॅबिनेटमधल्या बाईंनी सांगून टाकलं की सेवा आधीच हाडापर्यंत छाटलेल्या आहेत, कर वाढवावा लागेल. मला हसू आलं नाही, उलट त्या बाईंबद्दल बरं वाटलं. निम्म्याहून जास्त पैसा म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या देखभालीत जातो आणि ती कायद्यानं करावीच लागते, तर उधळपट्टी शोधून शोधून किती सापडणार? सार्वमताशिवाय 4.99 टक्क्यांपर्यंत कर वाढवता येतो म्हणतेस ना, तर त्या आकड्याच्या आसपास काहीतरी होईल असं धरूनच घरखर्च मांड.

त्याच महिन्यात त्यांच्या नेत्या लिंडन केमकरन यांच्या अंतर्गत बैठकीची चित्रफीत फुटली आणि काही सदस्य निलंबित झाले, तेव्हा मला आमचं सभागृह दिसलं. 57 म्हणजे भक्कम बहुमत, आमच्या 40 सारखी लंगडी अवस्था नाही. पण त्यातले बहुतेक पहिल्यांदाच निवडून आलेले, आणि पहिल्या वर्षातच ‘मग आम्ही निवडून कशाला आलो’ असं वाटणारी माणसं. ती एक तर कामाला लागतात किंवा भांडायला.

सगळ्यांत जास्त वेळ मी एका बातमीपाशी थांबले. परदेशातून येणारी माणसं कमी करा म्हणत निवडून आलेल्या याच कौंटीनं उन्हाळ्यात गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं, की केअर वर्करचे व्हिसा असे बंद केलेत तर आमच्या वृद्धाश्रमांना माणसं कुठून मिळणार. म्हणजे तुझ्यासारखी. तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘अंबडचे मालकही असंच म्हणत होते, फक्त त्यांनी पत्र लिहिलं नव्हतं.’ बोचकी घेऊन स्टेशनवर बसलेली ती माणसं तेव्हा आपल्याला परकी वाटली होती. आज मेडस्टोनमध्ये कुणाला तरी तू तशी वाटत असशील, हे लिहिताना जीव खाली-वर होतो.

तुझा व्हिसा या कौंटीच्या हातात नाही, तेवढी काळजी त्यांच्या नावानं करू नकोस. तो लंडनच्या हातात आहे आणि ती काळजी वेगळी. यांच्या हातात तुझ्या वृद्धाश्रमाचे दर आहेत, रस्ते आहेत, ओवीची शाळेची बस आहे. कचरा बरोचा, म्हणजे कौंटीखालच्या छोट्या परिषदेचा, तो सोडून दे. फेब्रुवारीत अंदाजपत्रक आलं की देखभालीच्या खात्याचं पान काढ आणि गेल्या वर्षीच्या पानाशेजारी ठेव, भाषणं ऐकूच नकोस. राष्ट्रकुलातली म्हणून तुला तिथे स्थानिक मत आहे, तर तुझ्या सदस्याला पत्र लिहायलाही लाजू नकोस. रागाचं पत्र नको. बसचा मार्ग क्रमांक, थांबा, किती वाजता येते, किती वाजता यायला हवी, एवढंच लिही. नव्या माणसाला असं पत्र मिळालं की बरं वाटतं, कारण त्यात त्याला करण्यासारखं काहीतरी असतं.

उत्तर आलं तर मला पाठव. मराठीत सांगू नकोस, जसंच्या तसं पाठव. प्रत्येक वाक्यात आधीच्यांना दोष दिलाय की तारीख दिलीय, ते मला बघायचंय. ओवीला पापा. थंडीत कानाला बांधून जा.

तुझी,
आई