अपडेट तुमचं, लॅपटॉप माझा बंद, आणि वरून ८५० रुपये पण माझेच

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय : बायोस (लॅपटॉप चालू करणारा आतला मूळ प्रोग्राम) अपडेट झाल्यावर लॅपटॉप सुरू न होणे, सेंटरने चुकीचं निदान करणे आणि त्याचे पैसे घेणे

नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या हेल्पलाइनला चार वेळा फोन केला, चारही वेळा नवीन माणूस आणि पहिल्यापासून तेच रामायण, म्हणून आता लिहूनच पाठवतोय.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्ष बागायतदारांची एक्सपोर्टची कागदपत्रं करून देतो. फेब्रुवारीत आम्हाला मान वर करायला वेळ नसतो, कंटेनर न्हावाशेवाला निघायच्या आधी इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षात औषधांचा अंश किती त्याचा) सगळं तयार लागतं आणि ते सगळं ह्याच लॅपटॉपमध्ये. घेऊन सात महिने झालेत, वॉरंटीत आहे.

बुधवारी रात्री काम संपवून रिस्टार्ट मारला तर तुमच्या अपडेट ॲपने मला न विचारता बायोस अपडेट चालू केलं. चार्जर काढू नका, बंद करू नका असं स्क्रीनवर आलं, मी हात पण लावला नाही, जेवायला बसलो. येऊन बघतो तर निळी स्क्रीन, रडका चेहरा आणि खाली 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मग ऑटोमॅटिक रिपेअर, मग रिस्टार्ट, मग परत तो रडका चेहरा, रात्री दीड वाजेपर्यंत हेच चालू होतं.

सकाळी हेल्पलाइन. म्हणे चार्जर काढा आणि पॉवर बटन तीस सेकंद दाबून धरा. धरलं. अहो पण तो उपाय लॅपटॉप ढिम्म असेल तेव्हाचा, माझा चालू होतोय, लोगो येतोय, पंखा फिरतोय, पुढे विंडोज सापडत नाहीये एवढंच, हे मी तीन वेळा सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या मॅडम सरळ म्हणाल्या फॉरमॅट मारा. सीझनमध्ये!

मग शुक्रवारी तुमच्या इथल्या सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलाने पेन ड्राइव्ह लावला, पाच-सात मिनिटं बघितलं आणि जॉब शीटवर लिहून टाकलं, एसएसडी डेड, म्हणजे सगळा डेटा असतो ती ड्राइव्हच मेली. मी त्याला बायोसमध्ये बोट ठेवून दाखवलं, बाबा रे ही बघ ५१२ जीबीची एसएसडी नावासकट दिसतेय, तर म्हणे सर तसं पण दिसतं कधी कधी. दिसत असेल, पण मग काढून दुसरीकडे लावून बघ ना! ते नाही. वॉरंटीत नवीन टाकून देतो, जुनी कंपनीत जमा होणार, डेटाची जबाबदारी आमची नाही. मी नको म्हटलं तर तपासणी चार्ज म्हणून ८५० रुपये घेतले, तेव्हा लॅपटॉप हातात दिला.

शनिवारी एमजी रोडवरच्या एका रिपेअरवाल्याकडे गेलो, पत्र्याच्या जिन्यावरून वर गेलं की दहा बाय आठचं दुकान. त्याने एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि त्याच्या कॉम्प्युटरला लावली, लगेच बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, की मागितली. म्हणजे मेलेली ड्राइव्ह चक्क बोलायला लागली. (हे बिटलॉकर मी कधी चालू केलेलं नाही, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की आपोआप होतं म्हणे, हे पण तुमच्याकडून कोणी सांगितलं नाही.) मग एसएसडी परत बसवून तो बायोसमध्ये गेला, स्टोरेजचं व्हीएमडी नावाचं सेटिंग आहे, विंडोज टाकलं तेव्हा ते ऑन होतं आणि तुमच्या अपडेटने ऑफ करून ठेवलेलं, त्यामुळे विंडोजला स्वतःचीच ड्राइव्ह दिसेना. ऑन केलं, सेव्ह केलं, परत की मागितली. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. बायकोला मोबाइलवरून माझं अकाउंट उघडून फोनवर सांगायला लावले, तिच्या सहाचे मला आठ ऐकू आले, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लॉगिन. सगळ्या फाइल जागच्या जागी. त्याने २०० रुपये घेतले, ते पण मीच हातात कोंबले.

तर मला माझे ८५० परत पाहिजेत, आणि जॉब शीटवरचं ते एसएसडी डेड खोडून खरं कारण लेखी पाहिजे, नाहीतर उद्या खरंच काही झालं तर तुम्हीच मला हा कागद दाखवाल. आणि बायोस अपडेट विचारल्याशिवाय टाकायचं बंद करा, निदान आधी 'बिटलॉकरची की लिहून ठेवा' एवढं तरी दाखवा. सोमवारच्या एका कंटेनरचे कागद मी लॅपटॉप बंद होता तेव्हा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं परत टाइप करून काढलेत, त्याचे पैसे मागत नाहीये, पण लक्षात ठेवलंय.

पंधरा दिवस वाट बघतो. नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, तिथं नाही झालं तर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथंच केस टाकता येते आणि एवढ्या रकमेला फी पण लागत नाही, म्हणजे फेऱ्या तुमच्याच माणसाला माराव्या लागतील.

जॉब शीट, ८५० ची पावती आणि निळ्या स्क्रीनचा फोटो जोडलाय. फोन करायचा तर दुपारी तीननंतर करा, सकाळी मी पॅकहाउसला असतो आणि तिकडं रेंज नसते.

आपला ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक