एका तक्त्यात न मावणारा ‘स्व’

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत मनोविश्लेषणातील, म्हणजे बोलण्यातून मन उलगडणाऱ्या उपचारशास्त्रातील, ‘स्व’च्या सिद्धांतांवर आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर इतके सविस्तर क्वचितच छापून येते, त्यामुळे त्याचे स्वागतच. लेखासोबतचा तक्ता मात्र दिशाभूल करतो. डावीकडे फ्रॉईड, विनिकॉट, कोहूट, लाकाँ, स्टर्न अशी मनोविश्लेषकांची नावे आणि प्रत्येकासमोर ‘स्व म्हणजे काय’ याचे एका ओळीत उत्तर. जणू एकाच प्रश्नपत्रिकेच्या पाच उत्तरपत्रिका! या मंडळींचे प्रश्न वेगळे होते, समोर येणारे रुग्णही वेगळे. त्यांच्यातला फरक व्याख्येत फारसा सापडत नाही. रुग्णाने काही सांगितल्यावर विश्लेषक काय करतो, तिथे तो उघडा पडतो.

आधी फ्रॉईडचा रकाना. तिथे ‘स्व म्हणजे इगो’ असे छापले आहे. नार्सिसिझमवरच्या (आत्ममग्नतेवरच्या) १९१४ च्या निबंधात फ्रॉईडचा इगो कधी अख्खा माणूस असतो, तर कधी मनाचा एक भाग. इड (आदिम प्रेरणा), इगो (वास्तवाशी मेळ घालणारा ‘मी’), सुपरइगो (सदसद्विवेक) ही मांडणी १९२३ मध्ये आली आणि इगो प्रामुख्याने मनातली एक यंत्रणा ठरला. तरी संदिग्धता पुरती गेली नव्हती. इगोचा अभ्यास करणारे मनोविश्लेषक हाइन्झ हार्टमन यांनी १९५० मध्ये ती दूर केली. नार्सिसिझममध्ये लिबिडो (कामप्रेरणेची ऊर्जा) गुंतते ती इगो या यंत्रणेत नव्हे, तर स्वतःमध्ये, म्हणजेच स्वतःविषयीच्या प्रतिमेत, असे त्यांनी दाखवले. तक्त्यात हार्टमन नाहीतच, त्यामुळे फ्रॉईडपासून कोहूटपर्यंतची वाट मध्येच तुटते.

तुलना कशी करावी याचा नमुना कोहूट यांनीच १९७९ मध्ये ‘मिस्टर झेड’च्या वृत्तांतात ठेवला आहे. एकाच माणसाची दोन विश्लेषणे: प्रत्येक सुमारे चार वर्षांचे, आठवड्याला पाच बैठकी, मध्ये साडेपाच वर्षांचा खंड. या माणसाचे वडील तो साडेतीन वर्षांचा असताना घर सोडून गेले होते आणि तो पाच वर्षांचा असताना परतले. त्याच्या स्वप्नात ते भेटवस्तूंनी लादलेले दारात उभे आहेत, आत येऊ पाहताहेत, आणि मुलगा घाबरून दार लोटतो आहे. पहिल्या विश्लेषणात अर्थ लागला तो ईडिपस गंडाचा: आईवरचा एकट्याचा ताबा जाणार म्हणून बापाशी वैर. दुसऱ्या विश्लेषणात त्याच स्वप्नाचा अर्थ असा लागला की ज्या बापाची मुलाला नितांत गरज होती, तो एकाएकी इतके सारे घेऊन आला की ते पेलवेना. पहिल्या वाचनानुसार विश्लेषकाने वैराकडे बोट दाखवायचे, दुसऱ्यानुसार त्या भुकेकडे. मिस्टर झेड म्हणजे स्वतः कोहूटच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यामुळे हा वृत्तांत पुरावा म्हणून लंगडा पडतो, पण दोन सिद्धांत शेजारी ठेवून पाहायला याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही.

लेखातली सर्वांत मोठी उणीव म्हणजे मनोविश्लेषक ओटो केर्नबर्ग यांची अनुपस्थिती. कोहूट १९७१ च्या ग्रंथात म्हणतात की ‘मी महान’ ही जाणीव बालपणीच्या वाढीतली स्वाभाविक अवस्था आहे. तिला वेळेवर दाद मिळाली नाही, तर ती तिथेच अडकते. केर्नबर्ग १९७५ मध्ये नेमके उलट सांगतात: प्रौढ रुग्णातली ही जाणीव बालपणीची उरलीसुरली गोष्ट नव्हे. खरा स्व, आदर्श स्व आणि आदर्श व्यक्तीची प्रतिमा या तिन्हींचे मिश्रण होऊन बनलेली ती विकृत रचना आहे आणि तिच्याखाली संताप व असूया दडलेली असते.

समजा, रुग्ण म्हणाला, ‘तुमच्यासारखा विश्लेषक दुसरा नाही.’ कोहूटपंथी विश्लेषक ते कौतुक लगेच फोडत नाही, ट्रान्सफरन्स (रुग्णाच्या जुन्या भावनांचे विश्लेषकावर वळणे) फुलू देतो. पुढे विश्लेषक रजेवर जातो किंवा त्याचे लक्ष उडते आणि रुग्ण दुखावतो. तो दुखावला हे विश्लेषक ओळखतो, का दुखावला हे उलगडतो. अशा सोसण्याजोग्या लहान तड्यांमधून, हे पुनःपुन्हा घडता घडता, सावरण्याचे काम रुग्ण स्वतः करू लागतो. केर्नबर्गपंथी त्याच कौतुकामागची तुच्छता व हेवा बराच आधी उघड करतो. पहिली रीत बिघडली की दोघे एकमेकांना खूश ठेवत बसतात आणि राग शब्दांत येतच नाही. दुसरी बिघडली की रुग्णाला पुन्हा दटावल्यासारखे वाटते व तो उपचार सोडतो. केर्नबर्ग यांनी अमेरिकेतील टोपीका येथील मेनिंगर या मानसोपचार संस्थेच्या इस्पितळात दाखल झालेले बॉर्डरलाइन (भावना व नाती अतिशय अस्थिर असलेले) रुग्ण पाहिले होते. कोहूट यांचे बहुतेक रुग्ण शिकागोतले, नोकरीधंदा सांभाळून येणारे. निम्मा वाद तर इथूनच सुरू होतो.

विनिकॉट यांच्या ‘खऱ्या स्व’ची लेखात जी ‘स्वतःला शोधा’ शिबिरांसारखी गत झाली आहे, ती टाळता आली असती. १९६० च्या निबंधात त्यांचा भर खोट्या, म्हणजे इतरांच्या मागण्यांशी जुळवून घेणाऱ्या, स्ववर आहे आणि त्याच्या त्यांनी पायऱ्या सांगितल्या आहेत. एका टोकाला खोटा स्वच खरा म्हणून वावरतो. निरोगी टोकाला तो म्हणजे केवळ चारचौघांत वागण्याची सभ्य रीत, जी प्रत्येकाला लागते. व्यवहारातला इशाराही तिथेच आहे: आज्ञाधारक रुग्ण वर्षानुवर्षे छान सहकार्य करतो, बैठकी रंगतात, आणि सारे काम खोट्या स्वशीच चाललेले असते.

लेखात लाकाँ यांना ‘स्व बळकट करणारे’ म्हणणे तर पूर्ण उलटे. सहा ते अठरा महिन्यांचे मूल आरशात अखंड प्रतिमा पाहून हरखते, पण शरीर अजून त्याच्या ताब्यात नसते. या बाहेरून उसन्या घेतलेल्या प्रतिमेवर इगो उभा राहतो, म्हणून त्याला बळ देणे लाकाँना फसवणूक वाटे. त्यांचा रोख इगोला बळ देऊ पाहणाऱ्या हार्टमन आणि रुडॉल्फ लोवेनस्टाइन यांच्यावर होता, आणि लोवेनस्टाइन हे खुद्द लाकाँचे विश्लेषक! विनिकॉट यांनी १९६७ मध्ये लाकाँचा उल्लेख करून आरशाच्या जागी आईचा चेहरा ठेवला. तिथे फसगत होते ती आईच्या चेहऱ्यात मुलाला स्वतःऐवजी तिचीच मनःस्थिती दिसली तर.

आणखी एक. कोहूट यांचा ‘सेल्फऑब्जेक्ट’ म्हणजे आपले एकत्र कुटुंब, हे लेखातले विधान ऐकायला गोड असले तरी चुकीचे आहे. सेल्फऑब्जेक्ट म्हणजे नातेवाईक नव्हे. दुसऱ्यामुळे आपला स्व सांधलेला राहतो, हा आतला अनुभव म्हणजे सेल्फऑब्जेक्ट. दहा माणसांच्या घरातही तो एखाद्याला मिळेलच असे नाही.

तक्ता पुन्हा छापणार असाल तर दोन दुरुस्त्या कराव्यात. ‘व्याख्या’ऐवजी ‘रुग्ण कोण, बिघाड कशात, विश्लेषक काय करतो’ असे तीन रकाने ठेवावेत. आणि डॅनियल स्टर्न (१९८५) यांच्यासमोरचा ‘पायऱ्या’ हा शब्द काढावा. पहिल्या दोन महिन्यांतला उगवता स्व, सहा महिन्यांपर्यंतचा गाभ्याचा स्व, मग भावना वाटून घेणारा आणि शेवटी भाषेतला, यांतला एकही पुढचा आल्यावर संपत नाही. चारही जन्मभर सोबत चालतात.

— मनोविश्लेषणाचा एक अभ्यासक, पुणे