‘रक्तसाक्षी अनिश्चित’ लिहिल्याबद्दल

आदरणीय सूचीकार मॅडम,

सादर नमस्कार.

इजिप्तमधल्या श्वेत मठातल्या कॉप्टिक (तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतल्या) रक्तसाक्षी-कथांच्या, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या संतांच्या कथांच्या, सुट्या पानांच्या आपण केलेल्या नोंदींबद्दल आम्ही वाचक मनापासून आभारी आहोत. त्यातही सर्वांत जास्त आभार एका शेऱ्याचे: ‘रक्तसाक्षी अनिश्चित’.

सोहागजवळच्या या मठातल्या चर्मपत्राच्या पोथ्या उसवल्या गेल्या आणि पाने पॅरिस, नेपल्स, व्हिएन्ना, लंडन, कैरो अशी विखुरली. सुट्या पानावर अनेकदा संताचे नावच नसते, नुसते ‘तो पवित्र पुरुष’. सम्राट डायोक्लेशियन, थेबाइडचा (दक्षिण इजिप्तचा) सुभेदार अरियानुस, तुरुंगात येऊन जखमा बऱ्या करणारा आद्यदेवदूत मीखाएल ही मंडळी कथांमागून कथांत भेटतात. चाक, उकळती कढई, तापवलेली लोखंडी खाट, मरण आणि पुन्हा जिवंत होणे, हेही वारंवार येते. यावरून नाव ठरवायला गेले की चुकते, आणि एकदा छापलेले चुकीचे नाव पुढच्या सूचींत तसेच उतरत जाते. आपण तो मोह टाळलात.

उलट मोजता येईल ते सगळे दिलेत. पानाच्या मापाबरोबर लिखित भागाचे माप वेगळे दिलेत, हे फार मोलाचे. कडा झिजतात, छाटल्या जातात, लिखित भाग मात्र बदलत नाही. स्तंभांतल्या ओळी, वरच्या कोपऱ्यातला पृष्ठांक, जुडीचा आकडा, सगळे आहे. जुडी बहुधा चार दुमडलेल्या तावांची, म्हणजे 8 पाने, 16 पृष्ठे. पृष्ठांक 1 पासून सुरू असतील तर 33 व्या पृष्ठावर तिसरी जुडी उघडायला हवी. तसे नसेल तर कुठेतरी पान गळाले आहे किंवा आकडा चुकला आहे.

चर्मपत्राची केसांची बाजू (कातड्याची बाहेरची) कोणती, मांसाची (आतली) कोणती, हा रकाना तर क्वचितच कुणी भरते. नीट बांधलेल्या पोथीत केसांच्या बाजूसमोर केसांची, मांसाच्या बाजूसमोर मांसाची बाजू येते. पिवळट, बारीक छिद्रांची बाजू पांढुरक्या बाजूसमोर आली तर मधले पान गहाळ असण्याची शंका घ्यावी. जुळली म्हणून निश्चिंत होऊ नये. दोन पाने गळाली तरी बाजू जुळतातच.

पुष्पिकेतले, म्हणजे पोथीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेल्या टिपेतले, वर्षही आपण महिन्यासह नोंदवलेत. कॉप्टिक ख्रिस्ती वापरतात तो रक्तसाक्षी संवत 29 ऑगस्ट 284 पासून मोजतात, म्हणून इसवी सन काढताना वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत 283 आणि पुढे 284 मिळवावे लागतात. सरसकट 284 धरले की शरदातल्या पुष्पिका वर्षभर पुढे सरकतात. फय्यूममधल्या अल्-हामुली इथे 1910 साली सापडलेल्या पोथ्या बऱ्याच अंशी अखंड होत्या, पुष्पिकाही जागेवर होत्या. श्वेत मठाच्या पानांना ते भाग्य नाही, म्हणून इथे मोजपट्टीवरच भिस्त.

सूचीच्या पुढच्या भागातही केसांच्या बाजूचा रकाना ठेवावा, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
कॉप्टिक रक्तसाक्षी-कथांचे वाचक