धूमकेतू म्हणजे बर्फाची लादी नव्हे

महोदय,

उन्हाळी सुट्टीत इंदूरच्या विज्ञान शिबिरांत कोरडा बर्फ, पाणी, माती आणि कोळशाची पूड कालवून मुलांना धूमकेतू करून दाखवतात. सामग्री ठीकच आहे. पण घट्ट गोळा पाहिलेली मुले उष्णतेचे गणितही लादीचेच मांडतात आणि उत्तर पार चुकते.

ऊन किती खोल मुरते ते काढायला वाहकतेला (पदार्थ उष्णता किती सहज पुढे नेतो त्या मापाला) घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराने भागावे, आलेल्या संख्येला सेकंदांतल्या कालावधीने गुणून पायने भागावे, मग वर्गमूळ घ्यावे. त्या खोलीवर तापमानाचा चढउतार पृष्ठभागाच्या ३७ टक्के उरतो. १०० केल्विनला घट्ट स्फटिकी बर्फाची वाहकता सुमारे ५.७ वॅट प्रति मीटर-केल्विन, विशिष्ट उष्मा ८४० ज्यूल प्रति किलो-केल्विन. ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूचा दिवस २०१४मध्ये १२.४ तासांचा होता, लादी धरली तर ऊन ३२ सेंटिमीटर जाते. प्रत्यक्षात त्याच्याभोवती फिरलेल्या रोझेटा यानाच्या मोजणीत घनता निघाली घनमीटरला ५३३ किलो, म्हणजे बर्फाबरोबरची जड धूळ धरता आत सत्तर टक्क्यांच्या वर पोकळी. कण एकमेकांना जेमतेम टेकलेले, म्हणून वाहकता ०.००२च्या आसपास धरावी लागते. आता उत्तर येते ८ मिलिमीटर! ६.४५ वर्षांच्या पूर्ण फेरीतही जेमतेम अर्धा मीटर.

चुरलेला बर्फ ठेवून हे दाखवू पाहाल तर फसेल, कारण छिद्रांतली हवा आणि वितळलेले पाणी उष्णता वाहून नेतात. निर्वातात ते काम वाफ करते. उबदार थरातला बर्फ किलोमागे सुमारे २८ लाख ज्यूल घेऊन थेट वाफ होतो आणि आतल्या थंड थरात ती वाफ गोठली की तीच उष्णता तिथे सुटते. तापमान २०० केल्विनच्या घरात गेल्यावर एकच स्थिर वाहकता धरून चालत नाही ती यामुळे.

अस्फटिकी बर्फाची, म्हणजे ज्यातले रेणू नीट रचलेले नसतात अशा बर्फाची, गोष्ट आणखी वेगळी. तो उष्णता फारच कमी वाहतो आणि १३०-१४० केल्विनला कायमचा स्फटिकी होताना किलोमागे सुमारे ९० हजार ज्यूल सोडतो. हा आकडा शुद्ध बर्फाचा. आत कार्बन मोनॉक्साइड अडकलेला असेल तर तो सुटताना बरीच उष्णता खातो. फेब्रुवारी १९९१मध्ये सूर्यापासून पृथ्वीच्या चौदापट अंतरावर हॅलीचा धूमकेतू अचानक उजळला, त्याचे एक स्पष्टीकरण हेच दिले जाते. मात्र धूमकेतूच्या गाभ्यात असा बर्फ थेट कोणी पाहिलेला नाही, हेही मुलांना सांगायलाच हवे.

अकरावी-बारावीच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की दोन्ही वाहकता घालून हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. वाहकता दहापट चुकली तरी खोली तिपटीनेच बदलते, हे त्यांना आकड्यांतून आपोआप दिसेल.

— भौतिकशास्त्राचे काही शिक्षक, इंदूर