दुसरा लाइट इतक्यात नको

प्रिय मित्रा,

पोर्ट्रेटसाठी दुसरा लाइट, म्हणजे आणखी एक स्टुडिओ फ्लॅश, घ्यायचा का, असं विचारलंस. इतक्यात नको. आधी एकाच लाइटचं अंतर हातात बसू दे. त्याआधी दुसरा आला की नाकाच्या सावल्या दोन पडतात आणि बिघडवतोय कोण, तेच कळेनासं होतं.

खोली अंधारी कर. कॅमेऱ्याचं सेटिंग असं ठेव: आयएसओ १००, शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/८, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विन. फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम काढ; ती काळीकुट्ट आली पाहिजे. काही दिसलंच, तर खोलीतला उजेड आत शिरतोय. ट्यूबलाइट असेल तर गालाच्या सावलीत हिरवट झाक येते आणि ती एडिटिंगमध्ये काढायला गेलं की त्वचेचा रंग बिघडतो. शटर कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडपुढे, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरपुढे, नेऊ नकोस. तिथे पूर्ण सेन्सर एका क्षणी उघडा नसतो, म्हणून फ्रेमच्या कडेला काळा पट्टा येतो.

आता ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी) चेहऱ्यापासून १ मीटरवर, ४५ अंश बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर आणि खाली झुकवून लाव. स्टँडचा एक पाय सॉफ्टबॉक्सच्याच दिशेला हवा आणि तळाशी वाळूची पिशवी. हे अजिबात टाळू नकोस, खाली माणूस बसलेला असतो.

मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा, लावून नुसता चेहरा बघ. दोन्ही डोळ्यांत कॅचलाइट, म्हणजे लाइटचा चमकता ठिपका, दिसतोय का? नसेल तर लाइट फार वर गेलाय. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतील. रेम्ब्रां लायटिंग (सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण) हवं असेल तर चेहरा लाइटपासून हळूहळू वळव. नाकाची सावली गालाच्या सावलीला टेकली की डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. हनुवटी जराशी हलली तरी तो मोडतो, म्हणून क्लिक करण्याआधी पुन्हा बघायचं.

अंतराचं मात्र नीट समजून घे. लाइट १ मीटरवरून २ मीटरवर नेलास की चेहऱ्यावरचा उजेड पाव होतो, म्हणजे २ स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). फ्लॅशची पॉवर वाढवून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, भरून निघतं, पण सावलीची कड भरून निघत नाही. चेहऱ्याच्या जागेवरून सॉफ्टबॉक्स आता निम्माच दिसतो, म्हणून कड कडक होते. पोर्ट्रेट कोरडं का वाटतं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

बॅकग्राउंडही याच हिशोबाने चालतं. लाइटपासून चेहरा १ मीटर आणि भिंत ३ मीटर असेल तर भिंतीवर नवव्या हिश्श्याइतकाच उजेड पोचतो. पांढरी भिंत गडद राखाडी दिसते. ती उजळ हवी असेल तर लाइट मागे घे आणि माणसाला भिंतीजवळ बसव. लाइटपासून चेहरा ३ आणि भिंत ४ मीटर असली की फरक १ स्टॉपच्याही आत येतो. दुसऱ्या लाइटशिवाय!

सावलीची बाजू फार काळी वाटली तर तिकडे पांढरा थर्माकोल धर, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणून. तिथेच काळा कार्डबोर्ड धरलास तर गाल आणखी खोल दिसतो.

चष्म्यावर चमक आली तर लाइट वर आणि बाजूला ने, किंवा चष्म्याच्या दांड्या कानांवरून किंचित उचल. काच खाली झुकली की चमक लेन्सकडे न येता खाली जाते.

फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ एमएम लेन्स आणि दीड-दोन मीटर अंतर ठेव. जवळ गेलास की नाक मोठं दिसतं. फोकस जवळच्या डोळ्यावर.

आता एवढं कर. माणूस आणि कॅमेरा न हलवता तीन फोटो काढ: लाइट १ मीटरवर असताना पॉवर १/४, १.४ मीटरवर १/२ आणि २ मीटरवर फुल. चेहऱ्याचं एक्स्पोजर तिन्हींत सारखंच येईल. नाकाच्या सावलीची कड आणि मागची भिंत तेवढी बघ, आणि ते तिन्ही फोटो एडिट न करता मला पाठव.

तुझा,
मित्र