पिवळ्या दगडांचं बेट

ॲमस्टेलवेन,
गुरुवार, रात्री उशिरा

प्रिय मंजू,

फोनवर मी बोनेअरच्या स्कूबा डायव्हिंगचं सांगितलं, तर तू म्हणालीस, "मालवणात केलं तसलंच ना ते? दहा मिनिटं पाण्यात, मग फोटो, मग नाकात पाणी." तेव्हा मी ट्रॅममध्ये होते, आजूबाजूला सगळे डच लोक शांत बसलेले, म्हणून गप्प बसले. आता उत्तर देते, सविस्तर. चहा घेऊन बस.

तसलं नाही. मालवणात तुला कुणीतरी सिलिंडरला धरून फिरवलं. कुठे जायचं, किती खोल जायचं, वर कधी यायचं, सगळं त्याच्या हातात. तुझ्या हातात फक्त पावाचा तुकडा, मासे जमावेत म्हणून. त्यांचंही बरोबर आहे, पोहता न येणाऱ्यालाही समुद्राचा तळ दाखवायचा तर दुसरं काय करणार? (पाव मात्र नको होता. माशांना पाव कशाला?) पण तेवढ्यावर "स्कूबा ना, बघितलंय" म्हणणं म्हणजे माथेरानला घोड्यावर बसून फोटो काढला की घोडेस्वारी आली म्हणण्यासारखं आहे. तू पोहतेस, रोज पोहतेस, म्हणून तुझ्यावर जास्त राग.

तर बोनेअर. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून ऐंशीएक किलोमीटरवरचं चिंचोळं, कोरडं, निवडुंगांनी भरलेलं बेट. कॅरिबियन म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे नारळ आणि पांढरी वाळू येते, ती इथे फारशी नाही. आपल्या देशावरच्या माळरानाला तिन्ही-चारी बाजूंनी निळाशार समुद्र लागला असं समज. २०१० पासून ही नेदरलँड्सचीच एक नगरपालिका आहे, म्हणून इथून थेट विमान. गंमत म्हणजे दुकानात आमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातलीच हागेलस्लाखची (पावावर घालायच्या चॉकलेटच्या दाण्यांची) खोकी, पण पैसे द्यायचे डॉलरमध्ये. युरो चालत नाही. लोक आपसात पापियामेंतू बोलतात, सकाळी "बॉन दिया" आणि निघताना "दान्की" एवढ्यावर आमचं भागलं.

सोबत होती अनघा, तिला तू ओळखतेस. हिशेबात पैशाचा फरक आला तर रात्रभर झोपणार नाही, ती. हे बेट तिच्यासाठीच बनलंय असं मला दुसऱ्याच दिवशी वाटायला लागलं, कारण इथे तुम्हाला कुणी फिरवत नाही. होडी नाही, गाइड नाही, शिट्टी नाही. पश्चिमेचा किनारा वाऱ्याच्या आडोशाला, पाणी शांत, आणि प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून पोहत जायच्या अंतरावर. किनाऱ्याला लागून रस्ता. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड, त्यांच्यावर त्या त्या जागेचं नाव. पिवळा दगड दिसला की गाडी थांबवायची, अंगावर हवेची टाकी चढवायची आणि पाण्यात शिरायचं. अशा साठाहून जास्त जागा आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा "डायव्हर्स पॅरडाइज" लिहिलेलं.

गाडी म्हणजे मागे उघडी पिकअप. सकाळी डाइव्ह सेंटरच्या खिडकीपाशी उभं राहून भरलेल्या टाक्या मागे आडव्या रचायच्या, निट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) असेल तर ऑक्सिजन स्वतः मोजून वहीत सही करायची. अनघाने प्रत्येक टाकी मोजली, दुसऱ्याने मोजलेलीही. गाडी लावताना काचा उघड्या ठेवायच्या आणि आत काहीही ठेवायचं नाही, ही तिथली रीत, म्हणजे चोराला काच फोडायचा त्रास नको. एकदा परत आलो तर खिडकीतून एक गाढव आत डोकं घालून अनघाचा टॉवेल चघळत होतं. मिठाच्या कामासाठी स्पॅनिश लोकांनी आणलेल्या गाढवांची ही पिल्लावळ, आता बेटभर मोकाट फिरते.

पाण्यात शिरायच्या आधी एकमेकींची तपासणी. जॅकेटात हवा भरते का, वजनं नीट आहेत का, बकल, रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन), टाकीची चावी पूर्ण उघडी का. मग किनाऱ्यावरच्या मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांवरून, एकमेकींचा दंड धरून, कंबरभर पाण्यापर्यंत. हा भाग बाईमाणसाच्या डौलाला शोभणारा नाही, हे आधीच सांगते. पाठीवर पंधराएक किलो, पायाखाली घसरतंय, लाट गुडघ्याला ढुशी देतेय. पण एकदा पाणी छातीला लागलं की सगळं वजन जातं.

आणि खाली, मंजू, सगळा खेळ श्वासाचा. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. हात हलवायचे नाहीत, पाय नुसते सावकाश. तोल साधला की तू पाण्यात अधांतरी राहतेस, ना वर ना खाली. श्वास मात्र कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगत जाते. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथून श्वास कोंडून वर आलीस तर फुप्फुसाला इजा होते. मालवणात हे कुणी तुला सांगितलं होतं का? तेच म्हणते मी.

आमचा नियम अनघाने घालून दिला. आधी प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, दोघींपैकी कुणाचाही टाकीतल्या हवेच्या दाबाचा काटा १२० बारवर आला की वळायचं, म्हणजे दमल्यावर प्रवाहच घरी आणतो. शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून. मला एकदा भिंतीवरून खाली जाणारं कासव दिसलं आणि अंगात आलं, जावं मागे. अनघाने नुसता स्वतःचा काटा माझ्या डोळ्यांपुढे धरला. १२०. वर येऊन मी तिच्याशी अर्धा तास बोलले नाही, आणि ती सँडविच खात बसली. अशी माणसं सोबत असली की मजा थोडी कमी होते आणि घरचे निश्चिंत राहतात.

दक्षिण टोकाला मिठागरं आहेत. पेण-उरणची मिठागरं पाहिलेल्या तुला ओळखीची वाटतील, पण पाणी चक्क गुलाबी, सूक्ष्म जीवांमुळे, आणि त्यात फ्लेमिंगो. मिठाचे पांढरे ढीग आणि तिथून जहाजात मीठ चढवायला समुद्रात गेलेला धक्का. जहाज लागलेलं नसेल तेव्हाच धक्क्याखाली उतरायची परवानगी. आम्हाला मिळाली. खांबांवर नारिंगी, जांभळे स्पंज इतके दाट चढलेत की लोखंड दिसतच नाही, वरून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या. तिथे अनघा एका खांबाला नाक लावून थांबली ती हलेचना. मी जवळ गेले. लिंबाएवढा पिवळा स्पंज, त्यात बघण्यासारखं काही नाही. ती बोटाने दाखवत राहिली. बऱ्याच वेळाने त्या स्पंजने डोळा फिरवला. फ्रॉगफिश. हा मासा पोहायचा कंटाळा करतो, परांच्या पंजांवर चालतो, आणि कपाळावरच्या बारीक काडीचं टोक गळाच्या आमिषागत हलवून भक्ष्य जवळ बोलावतो. आमच्यादेखत त्याने एवढी मोठी जांभई दिली की मी रेग्युलेटरमध्येच हसले, मास्कमध्ये पाणी शिरलं.

त्याच रस्त्यावर, मिठागरांच्या कडेला, दगडी खोपटांची रांग आहे. १८५० च्या सुमाराला गुलामांसाठी बांधलेली. आत उभं राहता येत नाही, दारातून जवळजवळ रांगत जावं लागतं. मीठ उपसणाऱ्या माणसांची घरं बेटाच्या दुसऱ्या टोकाला रिंकोन गावात, आठवडाअखेर ती कित्येक तास चालत बायकापोरांना भेटायला जात. १८६३ साली गुलामगिरी बंद झाली. खोपटांच्या अगदी समोर पिवळा दगड आहे, उत्तम डाइव्ह साइट. आम्ही तिथे उतरलो नाही. अनघा म्हणाली, उतरलो असतो तरी काय बिघडलं असतं? बरोबर आहे तिचं. पण नाही उतरलो.

बुडालेलं जहाज मात्र पाहिलं. हिल्मा हूकर. १९८४ साली बिघडलेलं म्हणून बंदरात आणलं, झडती घेतली तर खोट्या भिंतीमागे टनावारी गांजा. मालक म्हणून कुणी पुढे येईना, जहाज गळायला लागलं, धक्क्यालाच बुडेल या भीतीने दूर नेऊन नांगरलं आणि १२ सप्टेंबरला ते आपसूक बुडालं. बहात्तर मीटर लांब, तीस मीटरवर कुशीवर झोपलंय. लोक फार नावाजतात. मला विचारशील तर एकदा ठीक. लोखंड ते लोखंड. तेवढ्या हवेत मी त्या खांबांखाली दोनदा गेले असते.

सगळं गोडगोड लिहिलं तर तू म्हणशील ट्रॅव्हल कंपनीचं पत्रक. तर ऐक. २०२३ मध्ये इथे प्रवाळाचा एक रोग पोचला, दगडी प्रवाळाचं जिवंत मांसच गळून पडतं. मेंदूच्या आकाराचा, शेकडो वर्षांचा असेल असा एक प्रवाळ पाहिला, अर्धा पिवळसर जिवंत, अर्धा पांढराफटक हाड. त्याच वर्षी पाणी तापून कॅरिबियनभर प्रवाळ पांढरे पडले होते. आणि हे अशा ठिकाणी, जिथे १९७९ पासून बेटाभोवतीचा समुद्र, किनाऱ्यापासून साठ मीटर खोलीपर्यंत, सगळाच सागरी उद्यान आहे! हातमोजे घालायला बंदी, का तर मोजे असले की माणूस प्रवाळाला हात लावतो. फी भरायची, नियम ऐकायचे, पहिली डाइव्ह तोल तपासायला, मगच मोकळीक. तरी रोग यायचा तो आला. आता वाळूच्या मैदानात फायबरग्लासची झाडं रोवलीत, फांद्यांना प्रवाळाचे बोटभर तुकडे दोऱ्याने टांगलेले. वाढले की रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीवर, नेऊन लावतात. आणि लायनफिश! हिंदी-प्रशांत महासागरातला, अटलांटिकमध्ये माणसाने सोडलेला, २००९ मध्ये बोनेअरला पोचला आणि रीफवरची पिल्लं फस्त करत सुटला. म्हणून त्याला परवाना असलेले लोक भाल्याने मारतात आणि हॉटेलं विकतात. काटे विषारी, मांस निर्धोक. अनघाने फिले (काटे काढलेले तुकडे) आणून घरून नेलेला मालवणी मसाला लावला, रव्यात घोळवला, तळला. काय सांगू तुला. पर्यावरणासाठी इतकं आनंदाने कधी जेवले नव्हते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. पौर्णिमेनंतर दोन-चार दिवस, म्हणजे बरोबर संकष्टीच्या आसपास, इथे अंधारात एक प्रकार घडतो. संकष्टीला चंद्र उशिरा उगवतो, उपास सोडायला ताटकळत बसतो ना आपण, तोच मधला काळोख. ऑस्ट्राकॉड म्हणून तिळाएवढे कवचधारी जीव असतात. सूर्यास्तानंतर पाऊणएक तासाने त्यांचे नर बाहेर पडतात आणि पाण्यात प्रकाशाचे थेंब सोडत वर चढतात, मादीसाठी. आम्ही उजेड असतानाच उतरलो. वाटेत टार्पन मागे लागले, माणसाएवढे चंदेरी मासे, ते तुमच्या टॉर्चच्या उजेडात शिकार करतात. ज्या माशावर झोत रोखला तो गेलाच. मग उथळ जागी, पंख्यासारख्या प्रवाळांजवळ, वाळूवर गुडघे टेकले आणि टॉर्च बंद केले.

आधी काहीच नाही. नुसता श्वासाचा आवाज. मग उजवीकडे एक निळा ठिपका, त्याच्या वर दुसरा, तिसरा, अशी हातभर माळ आणि ती विझायच्या आत शेजारी दुसरी. मग जिकडे बघावं तिकडे. अनघाने माझा हात धरला होता, हवेचा काटा दाखवायला नव्हे. रात्री खोलीवर ती म्हणाली, उद्या पुन्हा जाऊ. हिशेबात न बसणारी एवढी एकच गोष्ट तिने तिथे केली.

आता तुझं. महाग आहे, खोटं बोलणार नाही, विमानाचंच भाडं डोळे पांढरे करणारं. पण सुरुवात तिथून करायचीच नाही. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, गोव्यात आहे, कर्नाटकात नेत्राणीला आहे. ओपन वॉटरचा, म्हणजे पहिला, कोर्स तीन-चार दिवसांचा, अठरा मीटरपर्यंत जायचा परवाना मिळतो. दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं, हे तर तू टिळक टँकवर बोलता बोलता करतेस. वैद्यकीय फॉर्म असतो, पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना त्यात जास्त प्रश्न, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखव, विशेषतः दमा आणि कान. सर्दीत उतरायचं नाही, कान मोकळे होत नाहीत. आणि शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास विमान नाही, त्यामुळे परतीचा आदला दिवस पुस्तक वाचण्यात घालवायचा, तुला तेही आवडेल.

डिसेंबरात मी येतेय, तेव्हा पहिला आठवडा मोकळा ठेव. अनघा नाहीये, म्हणजे १२० बारचा आग्रह मला धरावा लागणार, त्याचा तुला त्रास होईल. काकूंना नमस्कार सांग. त्यांना यातलं बुडालेलं जहाज वाचून दाखव, रोगाचं नको.

तुझी,
स्मिता

ता. क. चष्म्याचं विचारणार होतीस, विसरलीस. मास्कला नंबरची काच मिळते. उणे पाचचीसुद्धा. कोर्सवाल्यांना आधी फोन करून नंबर कळव, नाहीतर ऐन वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरची गळ्यात पडेल.