ठकीच्या ताईंना, सगळ्यांसमोर थँक्यू

ताई,

हे व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तुम्ही हात जोडलेला इमोजी टाकून विषय संपवला असता, मला माहितीये, म्हणून इथे सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. काल संध्याकाळी आमची कुत्री ठकी, तुमची विद्यार्थिनी, माझ्यासोबत नदीपात्राच्या बाजूने चालत होती आणि तिकडे ढोल पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली. लांब होती, पण होती. ती थांबली, कान मागे गेले, माझ्याकडे बघितलं, हातातला चिकनचा तुकडा खाल्ला आणि पुढे चालायला लागली. बस, एवढंच. घरी आल्यावर मला इतकं रडू आलं की आई काय झालं काय झालं विचारत राहिली आणि मला नीट सांगताही येईना.

ज्यांना ठकी माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. ती गावठी आहे, एका बांधकामाच्या साइटवरून आमच्याकडे आली तेव्हा सहा-सात महिन्यांची असेल. पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना जी माणसं, जे आवाज, ज्या वस्तू त्याला भेटतात त्यांच्यावरून त्याचं जगाबद्दलचं मत बनतं, आणि ठकीला त्या वयात काय भेटलं असेल ते तिच्या पाठीवरचे व्रण बघूनच कळायचं. काठी, झाडू, छत्री, कुणाच्या हातात लांब काहीही दिसलं की पलंगाखाली, आणि भीतीने तिथेच शू. लिफ्टचं दार, कुकरची शिट्टी, बाबांच्या खोकल्याची उबळ, सगळ्याची भीती. गणपतीत तर धड जेवायचीच नाही.

तुमच्या आधी एक ट्रेनर आले होते, त्यांचं नाव घेत नाही पण राग अजून गेलेला नाही. आल्या आल्या चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, काढली, हिला घरात बॉस कोण ते कळायला पाहिजे म्हणाले आणि पलंगाखालून ओढून बाहेर काढलं. ती गुरगुरली तर झटका. मग सवय लावायची म्हणून थेट ढोलाच्या आवाजाजवळ नेऊन उभी केली आणि ती हलेना, डोळे मोठे, लाळ गळतेय, तर हे आम्हाला म्हणतात बघा कशी शांत झाली! बाबांनी त्याच संध्याकाळी त्यांचे पैसे चुकते केले आणि परत येऊ नका म्हणून सांगितलं. आणखी एका शहाण्या माणसाने सल्ला दिला होता की गावठीच आहे, सोडून द्या आणि चांगल्या ब्रीडचं पिल्लू आणा. अशा लोकांना प्राणी कशाला लागतात मला खरंच कळत नाही.

आणि मग तुम्ही आलात. जुलैचा धो धो पाऊस, बेल नाही वाजवली, फोन केलात की दारात उभी आहे. दार उघडलं तर नखशिखान्त भिजलेल्या. आईने विचारलं, अगं छत्री नाही का आणलीस, तर तुम्ही म्हणालात, आणलीये, खाली वॉचमन काकांकडे ठेवली, तिला छत्रीची भीती वाटते ना.

ताई, मी फोनवर तुम्हाला ठकी कशाकशाला घाबरते त्याची भलीमोठी यादी सांगितली होती आणि छत्री त्यात कुठेतरी मधेच होती, मला वाटलंही नव्हतं की ते तुमच्या लक्षात राहील. फाटकापासून जिन्यापर्यंत केवढं अंतर आहे ते मला माहितीये आणि त्या दिवशी पाऊस कसा होता तेही. छत्री घेऊन वर येऊन दाराबाहेर ठेवली असती तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण दार उघडताना तिला ती दिसू नये एवढ्यासाठी तुम्ही भिजलात, आणि मग तशाच ओल्या कपड्यांनी, आईने दिलेला टॉवेल गुंडाळून, हॉलच्या फरशीवर ठकीकडे पाठ करून बसलात आणि आमच्याशी भाज्यांच्या भावाबद्दल बोलत राहिलात. तिच्याकडे एकदाही वळून बघितलं नाहीत. ठकी त्या दिवशी बाहेर आलीच नाही. जाताना चिकनचे तुकडे फरशीवर ठेवून तुम्ही म्हणालात, आज छान झालं. तोपर्यंत प्रत्येकाने आम्हाला ही कशाला घाबरते, यात घाबरण्यासारखं काय आहे असंच विचारलं होतं. तिची भीती खरी आहे असं धरून चालणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

पुढचं सगळं ट्रेनिंग इथे सांगत बसत नाही, तो तुमचा विषय आहे. पण काही गोष्टी डोक्यात कायमच्या बसल्यात. ढोलाचं रेकॉर्डिंग आधी आम्हालाही जेमतेम ऐकू येईल इतकं बारीक लावायचं, आणि आधी आवाज, मग चिकन, उलटं नाही, कारण उलटं केलं तर तिला चिकन दिसताच आता ढोल वाजणार असं वाटेल. तिने जांभई दिली किंवा उगाच नाकावर जीभ फिरवली की तिला त्रास होतोय असं समजून लगेच थांबायचं. आणि गुरगुरली तर तिला थँक्यू म्हणायचं! ते ऐकून बाबा चक्रावलेच होते. तुम्ही समजावलंत की ती नको म्हणतेय, ते नको म्हणणंच बंद पाडलं तर एक दिवस न सांगता चावेल.

बॉसवाल्या गोष्टीबद्दल बाबांनी विचारलं तेव्हाही तुम्ही त्या ट्रेनरना एक वाईट शब्द बोलला नाहीत. ही कल्पना कुठून आली तेवढंच सांगितलंत, की शेंकेल नावाच्या संशोधकाने 1947 मध्ये पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्यांवरून ती मांडली, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती जगभर पसरली, आणि 1999 मध्ये खुद्द मेक यांनीच लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. म्हणजे जो हे शिकवत होता त्यानेच ते मागे घेतलं आणि आपल्याकडे अजून त्याच्या नावाने चोक चेन ओढतायत.

तुम्हाला बहुतेक माहिती नसेल, पण त्या दिवशी तुम्ही छत्री ज्यांच्याकडे ठेवलीत ते वॉचमन काका रात्री राउंडला काठी आपटत फिरायचे. तुम्ही गेल्यावर त्यांनी मला विचारलं, मॅडमनी पावसात छत्री का ठेवली? मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ठकी खाली उतरली की काकांची काठी केबिनच्या आत असते, मी एका शब्दाने सांगितलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची मुलं तिच्याजवळून जाताना क्रिकेटची बॅट पाठीमागे धरतात, तेही कुणी शिकवलं नाही. साधी माणसं आहेत हो, पण एवढी माया आजूबाजूला होती हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

सगळं ठीक झालंय असं नाही. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बपुढे आपलं काही चालत नाही, कायद्यातच फटाक्याला 4 मीटरवर 125 डेसिबलपर्यंत मुभा आहे, मग तिने करायचं काय. व्हेटनी तेवढ्या दिवसांपुरतं औषध लिहून दिलंय आणि औषध देणं म्हणजे हरणं नाही हे तुम्ही आईला तीनतीनदा सांगितलंत म्हणून आई आता मनात काही न ठेवता देते. झाडूला मात्र ती आता फक्त वळसा घालून जाते. कुकर वाजला की ओट्याजवळ येऊन बसते, कारण शिट्टी झाली की काहीतरी मिळतं!

गणपतीत आमच्याकडे नक्की या. पहिल्या दिवशी नको, घर भरलेलं असतं आणि ठकी आतल्या खोलीत असेल, पडदे ओढून, फॅन मोठा करून, तुम्ही सांगितलंय तसंच. दुसऱ्या दिवशी दुपारी या, तेव्हा आम्ही चौघंच असू. आई विचारतेय उकडीचे करू की तळणीचे, तेवढं कळवा.

तुमची,
ठकीची घरची